एकाच वाणावर भिस्त नको

मराठी माणूस आता फिरायला कुठेही जातो. कोस्टा रिकाला जातो, इक्वेडोरला जातो, ब्राझीलला जातो. तिथे कोकोची बाग दाखवतात. शेतकरी पिकलेलं पिवळं फळ कोयत्याने फोडतो आणि बियांभोवतीचा आंबटगोड पांढरा गर चाखायला देतो. मजेचा प्रकार आहे, जरूर अनुभवा. पण आपल्यापैकी ज्यांची कोकणात किंवा गोव्यात नारळ-पोफळीची वाडी आहे, त्यांना तिथे उभं राहिल्यावर एक मोह होतो. चार बिया रुमालात बांधाव्यात, एखादी काडी ओल्या कागदात गुंडाळून घ्यावी, घरी पोफळीखाली लावून बघावी. आंब्याची काडी या वाडीतून त्या वाडीत नेण्याची आपली सवय जुनीच आहे. कोकोच्या बाबतीत ती सवय विमानतळाच्या पलीकडेच सोडून या. फळ नको, बी नको, काडी नको, आणि बागेत चिखलात घातलेले बूटही धुतल्याशिवाय बॅगेत नकोत.

कारण असं, की अमेरिका खंडात कोकोचे दोन रोग असे आहेत जे अजून आशियात आणि आफ्रिकेत पोहोचलेले नाहीत. पहिल्याला तिकडे चेटकिणीचा खराटा म्हणतात. कोवळ्या फुटीत बुरशी शिरते आणि एका डोळ्यातून एक फांदी यायची तिथे बारीक फुटव्यांचा झुपका येतो. तो झुपका वाळतो, त्यावर पावसाळ्यात इवल्या गुलाबी छत्र्या उगवतात आणि वारा त्यांचे बीजाणू पुढच्या झाडावर नेतो. दुसऱ्याला शेतकरी मोनिलिया म्हणतात. त्यात फळ वरून बरेच दिवस धड दिसतं, आत सडत असतं, आणि शेवटी त्यावर पांढऱ्या पिठासारखी पूड चढते. ती पूड म्हणजे अब्जावधी बीजाणू. कपड्याला, केसांना, टोपलीला चिकटून ते दूर जातात. मोनिलिया 1978 मध्ये कोस्टा रिकात दिसला आणि पाचएक वर्षांत त्या देशाची कोकोची निर्यात जवळजवळ संपली. पुढे तो 2005 मध्ये मेक्सिकोत आणि 2016 मध्ये जमैकात पोहोचला. जमैका बेट आहे. तिथे समुद्र ओलांडून तो कसा गेला असेल, याचा विचार करा.

एका रोगाने किती नुकसान व्हावं? ब्राझीलच्या बाहिया प्रांताचं उदाहरण या विषयात काम करणारा प्रत्येक माणूस देतो. तिथला कोको मोठमोठ्या जंगली झाडांच्या सावलीत लावलेला असे. 1980 च्या दशकात ब्राझीलचं वार्षिक उत्पादन चार लाख टनांच्या आसपास होतं. 1989 मध्ये चेटकिणीचा खराटा बाहियात सापडला. तो मुद्दाम कुणी आणून झाडांना बांधला, असा संशय तिथे आजही घेतला जातो. दहा-बारा वर्षांत उत्पादन साधारण एक लाख टनांवर आलं. दोन लाखांवर मजुरांचं काम गेलं. कोको निर्यात करणारा देश कोको आयात करू लागला. आणि ज्या सावलीसाठी जंगल राखलं होतं तिची गरज संपल्यावर कित्येक मालकांनी ते जंगल तोडून गुरांची कुरणं केली.

हे सगळं सांगतो आहे ते भीती घालायला नाही. भीती घालण्याचं काम वर्तमानपत्रं चोख करतात. 2018 च्या सुरुवातीला जगभर एक मथळा फिरला की 2050 पर्यंत चॉकलेट संपणार आणि आता शास्त्रज्ञ जनुकांवर काम करून ते वाचवणार. आपल्याकडच्या व्हॉट्सॲपवरही तो आला. त्या मथळ्याचा पहिला भाग डोक्यातून काढून टाका. कोको संपत नाही. जगातला अर्ध्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोनच देश पिकवतात. तिथला लहान शेतकरी रोगाने आणि पावसाच्या लहरीने खचतो, आणि त्याचा फटका बाजाराला बसतो. डिसेंबर 2024 मध्ये भाव टनाला 12 हजार डॉलरच्या वर गेला तेव्हा चॉकलेटच्या वड्या लहान झालेल्या आपण पाहिल्या. चॉकलेट महाग होतं, लहान होतं, त्यातलं कोकोचं प्रमाण घटतं. नाहीसं होत नाही. मथळ्याच्या दुसऱ्या भागाकडे मात्र जरा थांबून बघायला हवं, कारण जनुक हा शब्द ऐकला की आपल्याकडे एक तर भक्त उभे राहतात नाही तर विरोधक, आणि मधला माणूस गप्प बसतो. माझं म्हणणं त्या मधल्या माणसासाठी आहे.

आधी रोगाला न बळी पडणारं झाड येतं कुठून ते पाहू. प्रयोगशाळेत ते तयार होत नाही, आधी ते सापडावं लागतं. त्रिनिदाद बेटावर 1928 मध्ये चेटकिणीचा खराटा आला, तेव्हा तिथल्या कोकोवाल्यांनी एफ. जे. पाउंड नावाच्या माणसाला ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात धाडलं. कोकोचं मूळ घर ते. तर्क सरळ होता. रोग आणि झाड जिथे हजारो वर्षं एकत्र नांदत आले आहेत, तिथे रोगाला पुरून उरलेली झाडं असणारच. 1930 च्या दशकाच्या शेवटी आणि पुन्हा 1942 च्या सुमारास पाउंड तिथल्या नद्यांकाठी हिंडला, रोगट झाडांच्या गर्दीत निरोगी उभी असलेली झाडं हेरली आणि त्यांची फळं, काड्या घेऊन आला. स्काव्हिना 6 हे त्यातलं सर्वांत गाजलेलं झाड. पुढची कित्येक दशकं जगात खराट्याविरुद्ध जे वाण निघालं, त्याच्या वंशावळीत बहुधा हे एक झाड असेच. पाउंडने आणलेल्या झाडांची संतती 1944 मध्ये घानातही गेली आणि तिथल्या लागवडीचा चेहरा तिने बदलला. तोवर पश्चिम आफ्रिकेतला बहुतेक कोको ब्राझीलहून 1822 मध्ये प्रिन्सिपे बेटावर नेलेल्या मोजक्या झाडांचा वंशज होता. एवढ्या अरुंद पायावर इतका मोठा धंदा उभा होता.

पण याच स्काव्हिनाची पुढची गोष्ट कुणी सांगत नाही आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. इक्वेडोरमध्ये हे झाड नेलं तर तिथल्या बुरशीने थोड्याच वर्षांत त्याचा बंदोबस्त मोडून काढला. बाहियात रोग आल्यावर स्काव्हिनाची संतती शेतकऱ्यांना दिली गेली. सुरुवातीला ती तग धरून राहिली. मग हळूहळू तिच्यावरही खराटे दिसू लागले. झाड तेच होतं, बुरशी बदलली होती. झाड पन्नास वर्षं एका जागी उभं राहतं, बुरशीच्या पिढ्या मात्र दर पावसाळ्यात पालटतात. आपण एकाच वाणाचा सगळीकडे विस्तार केला की ते कुलूप उघडायचा सराव बुरशीला रोज आपणच देत असतो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. बीटी कापूस 2002 मध्ये आला. पहिली वर्षं चांगली गेली. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटीची बोंडंही पोखरली. बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी येत असे, अळी बीटीला सरावू नये म्हणून कडेने लावायची. ती बहुतेकांनी लावली नाही. इतरही कारणं होती, लांबलेला हंगाम त्यातलं मोठं. पण त्या पुडीचा हिशेब कंपन्यांनी, अधिकाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून दुर्लक्षिला, हे नाकारता येणार नाही. तंत्र फसवं होतं असं मी म्हणत नाही. ते एकट्याने लढायला पाठवलं गेलं.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. पापुआ न्यू गिनीत 1960 च्या दशकात कोकोला एक वेगळा रोग लागला. त्यात बुरशी फांदीच्या आतल्या नळ्यांत शिरते आणि फांदी शेंड्याकडून सुकत येते. हाच रोग केरळातही आहे. पापुआ न्यू गिनीत हजारो झाडं मेली, काही उरली. उरलेल्यांपासून निवडलेली झाडं अर्धं शतक उलटलं तरी बऱ्यापैकी टिकून आहेत. त्या झाडांचा बंदोबस्त एका मोठ्या जनुकावर उभा नाही. अनेक जनुकांचा थोडा-थोडा वाटा आहे आणि म्हणून तो फोडणं बुरशीला जड गेलं. तेव्हा उद्या कुणी तुम्हाला सांगितलं की अमुक वाणात रोगप्रतिकारक जनुक आहे, तर विचारा: एक आहे की अनेक? हा एक प्रश्न नीट विचारलात तरी समोरचा माणूस शास्त्र सांगतो आहे की माल विकतो आहे, ते लगेच कळेल.

आता जनुकांच्या तंत्राने नेमकं काय बदललं? मुख्य बदल वेळेचा. कोकोचं झाड फळायला तीन ते पाच वर्षं घेतं. संकर करा, रोप वाढवा, फळ येऊ द्या, त्याला रोगाचे बीजाणू मुद्दाम लावा, काय होतं ते बघा, मग चांगल्या झाडांचा पुन्हा संकर. एका माणसाच्या नोकरीत अशा दोन-तीन फेऱ्या होतात. कोस्टा रिकातल्या तुर्रियाल्बा गावात काटिए नावाची संस्था आहे. तिने मोनिलियाविरुद्ध हे काम चिकाटीने केलं. युनायटेड फ्रूट कंपनीच्या जुन्या बागांतून निवडलेल्या यूएफ 273 सारख्या झाडांवर तिथल्या लोकांनी बरीच मेहनत घेतली आणि 2000 नंतरच्या दशकात सहा वाणं शेतकऱ्यांना दिली. त्यातल्या काटिए आर 6 या वाणाची अकरा वर्षांच्या चाचणीत सुमारे 5 टक्के फळं मोनिलियाने गेली, तर तुलनेसाठी लावलेल्या एका झाडाची सुमारे तीन-चतुर्थांश गेली. हे सगळं कुणाचंही जनुक कापल्याशिवाय, जुन्या पद्धतीच्या संकराने साधलं. वेळ मात्र दशकांनी मोजावा लागला.

इथे जनुकांचं वाचन उपयोगी पडतं. कोकोच्या पेशीत गुणसूत्रांच्या दहा जोड्या असतात. 2010 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी कोकोचा जवळजवळ संपूर्ण जनुकसंच वाचला. एकाने बेलीझमधल्या क्रिओलो जातीच्या झाडाचा, दुसऱ्याने मातिना नावाच्या झाडाचा. दुसऱ्या गटात चॉकलेट बनवणारी मार्स कंपनी, अमेरिकेचं कृषी खातं आणि आयबीएम होती, आणि त्यांनी ती माहिती सगळ्यांसाठी खुली केली. कंपन्यांवर टीका करायची तेव्हा जरूर करावी, पण हे चांगलं केलं तेही म्हणावं. या वाचनातून कळतं की स्काव्हिनाच्या खराट्याविरुद्धच्या ताकदीचा मोठा वाटा नवव्या गुणसूत्रावर आहे, मोनिलियाविरुद्धची ताकद वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली आहे. मग महिन्या-दोन महिन्यांच्या रोपाचं एक पान तपासून सांगता येतं की आईबापाचे हवे ते तुकडे याच्यात आले आहेत की नाहीत. न आलेली रोपं तिथेच बाजूला. उरलेलीच शेतात लावायची. यात झाडात बाहेरचं काही घातलं जात नाही. संकर तोच, निवड तीच, फक्त निवडायला फळाची वाट बघावी लागत नाही. चाळणी आधी लागते आणि दहा हजार रोपांचं शेत दोनशे रोपांत भागतं.

मात्र शेतातली परीक्षा टळत नाही. आणि एका रोगाची परीक्षा पास झालेलं झाड दुसऱ्याला बळी पडू शकतं. इक्वेडोरच्या ओमेरो कास्त्रो यांनी 1965 मध्ये नारांहाल गावात निवडलेलं सीसीएन 51 हे वाण त्याचा पुरावा आहे. फळतं भरघोस, खराट्याला बऱ्यापैकी पुरून उरतं. इक्वेडोरमध्ये त्याने जुन्या सुगंधी नासिओनाल जातीला मागे ढकललं, आणि चवीवरून तिथे अजून भांडणं होतात. बाहियातही लोकांनी जुन्या झाडांवर त्याची कलमं केली. तिथे मग छाटणीच्या कोयत्यावरून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाणारा मर रोग आला आणि सीसीएन 51 त्याला फार लवकर बळी पडतं असं लक्षात आलं. खराट्यातून वाचलेली बाग कोयत्याच्या पात्यावरून मेली. छाटणीची हत्यारं झाडागणिक पुसून घ्यायची शिस्त अजूनही फार थोडे पाळतात, आपल्याकडेही.

तिसरा प्रकार जनुकसंपादनाचा, ज्याच्यावरून सगळा गोंगाट. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या गटाने 2018 मध्ये कोकोच्या पानांवर क्रिस्पर हे जनुकसंपादनाचं तंत्र वापरून एक प्रयोग प्रसिद्ध केला. झाडाची स्वतःची संरक्षणव्यवस्था आवरून धरणारं एक जनुक असतं. त्यांनी ते मोडलं. मग त्या पानांवर फळ काळं करणाऱ्या रोगाच्या गटातला जीव सोडला, तेव्हा रोगाचा डाग लहान राहिला. प्रयोग चांगला होता. पण तो पानावरचा प्रयोग होता. पानातून पूर्ण रोप, रोपातून झाड, झाडातून फळ आणि मग पाच-दहा पावसाळे हा पुढचा रस्ता तेव्हा चालायचा राहिला होता. संरक्षण सतत जागं ठेवल्याचा झाडाला काही तोटा होतो का, फळ कमी लागतं का, तेही शेतातच कळेल. म्हणून या बातम्या वाचताना पहिली गोष्ट शोधा: पान, रोप की बाग? त्यातलं काय सांगितलं आहे ते दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात बहुधा असतं.

आपल्याकडचा नियमही माहीत असू द्या. मार्च 2022 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने बाहेरचं जनुक न राहणाऱ्या संपादित पिकांना जनुकीय फेरफाराच्या कडक परवान्यांतून मोकळं केलं. मे 2025 मध्ये अशी दोन भातवाणं जाहीर झाली, कमला आणि पुसा डीएसटी राईस 1. बीटी कापूस, 2010 मध्ये रोखलेलं बीटी वांगं आणि ही भातवाणं एकाच टोपलीत टाकू नका. त्यांत खरा फरक आहे. पण बाहेरचं जनुक नाही म्हणून प्रश्न संपले असंही नाही. या तंत्राची पेटंटं कुणाकडे आहेत, शेतकऱ्याला रोपाचं रोप करता येणार की दरवेळी विकत घ्यावं लागणार, चाचणीचे आकडे खुले आहेत का, हे विचारायचा तुमचा हक्क आहे. 2001 च्या वाणसंरक्षण कायद्याने भारतातल्या शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा अधिकार दिला आहे. तो अधिकार बोलून वापरला तरच राहतो. विरोध करायचा असेल तर या मुद्द्यांवर करा. वांग्यात किडा घुसवला वगैरे पोस्टी पुढे पाठवून खरी शंका घेणाऱ्याचंही हसं होतं.

या सगळ्या तंत्रांच्या मुळाशी जुनी झाडं आहेत, आणि इथे कोकोची मोठी अडचण आहे. भाताचं, गव्हाचं बी वाळवून थंड कोठारात वर्षानुवर्षं ठेवता येतं. कोकोचं बी वाळवलं की मरतं. त्यामुळे कोकोची जनुकपेढी म्हणजे खरीखुरी उभी बाग, तिला खत, पाणी, मजूर, कुंपण सगळं लागतं. त्रिनिदादमध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाकडे अशी दोन हजारांहून जास्त प्रकारच्या झाडांची बाग आहे. दुसरी मोठी काटिएकडे. एखादं वादळ, आग, अनुदानात कपात, आणि पाउंडने नदीकाठी वेचलेलं काहीतरी कायमचं जातं. 2008 मध्ये संशोधकांनी दाखवलं की कोकोचे दोन-तीन नव्हे तर दहा आनुवंशिक गट आहेत. त्यातले बरेच फक्त पेरू, इक्वेडोर, ब्राझीलच्या जंगलात आणि या बागांत भेटतात. चॉकलेटच्या वेष्टनावर झाडं लावल्याची जाहिरात असते, जनुकपेढी राखायला किती पैसे दिले ते कधी छापत नाहीत. ग्राहक म्हणून पत्र लिहायचंच असेल तर त्यासाठी लिहा.

या बागांतून एखादं झाड दुसऱ्या देशात न्यायचं तर ते आधी इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या क्वारंटाइन केंद्रात जातं आणि तिथे काचघरात दोनएक वर्षं त्याच्यावर लक्ष ठेवतात, कारण काही विषाणू बराच काळ लक्षणं दाखवत नाहीत. भारतात ते दिल्लीच्या एनबीपीजीआर या सरकारी जनुकसंपदा संस्थेमार्फत, परवाना आणि आरोग्यपत्र घेऊन येतं. 2003 च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशाने हे बंधनकारक आहे. रुमालातल्या चार बिया या सगळ्या साखळीला वळसा घालून येतात.

लोकांचा विश्वास नसेल तर सगळ्यांत बरोबर उपायही कसा उलटतो, ते घानात दिसलं. 1936 मध्ये तिथे एका विषाणूजन्य रोगाचा शोध लागला. पिठ्या ढेकूण तो पसरवतो, फांद्या फुगतात, झाड काही वर्षांत मरतं. उपाय एकच, रोगट झाड आणि त्याच्या शेजारची झाडं तोडणं. ब्रिटिश सरकारने तोड सक्तीने सुरू केली. अजून फळ देणारं झाड परका अधिकारी येऊन तोडतो, हे शेतकऱ्याला कसं पटावं? त्या रागाचा 1948 च्या अक्रातल्या दंगलींमागे वाटा होता. आजवर तिथे वीस कोटींवर झाडं तोडली गेली आणि रोग अजून आहे. नवं वाण घेऊन येणाऱ्या कोणत्याही खात्याने हा इतिहास आधी वाचावा.

आता कोकण आणि गोव्यातल्या बागायतदारांसाठी थोडं कामाचं. 2024 चा भाव पाहून ज्यांनी कोको लावायचं मनात घेतलं असेल त्यांनी भाव खाली येतो हेही लक्षात ठेवावं. 1980 च्या सुमारास भाव कोसळला तेव्हा केरळ-कर्नाटकात खरेदीदारांनी पाठ फिरवली, शेतकऱ्यांनी झाडं तोडली, आणि कॅम्पको ही सहकारी संस्था खरेदीला उतरली म्हणून बाकीची वाचली. तिचा पुत्तूरचा कारखाना 1986 चा. आपल्याकडे अशी खरेदीची साखळी नाही, तेव्हा माल कुणाला देणार हे ठरल्याशिवाय खड्डे खणू नका. जायफळ, मिरी, दालचिनीला बाजार माहीत आहे. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राची लाखीबाग, म्हणजे नारळात मसाल्याची आंतरपिकं घेतलेली बाग, त्यासाठी अनेकांनी पाहिली असेल.

लावायचाच असेल तर रोपं कर्नाटकातल्या विट्टलच्या संशोधन केंद्रातून किंवा केरळ कृषी विद्यापीठाच्या वेल्लानिक्करातल्या कोको प्रकल्पातून आणा. दोन्हीकडे भारतातल्या हवेत तपासलेली वाणं आहेत. केरळात शेंडा सुकवणाऱ्या रोगाविरुद्ध निवडीचं कामही झालं आहे. रोपवाटिकावाला म्हणाला की हेच एक वाण सर्वांत भारी, सगळी बाग याचीच करा, तर तिथून निघा. हापूसच्या बाबतीत आपण तेच केलं, कलमावर कलम करत किनारपट्टीभर एकाच झाडाच्या प्रती लावल्या, आणि तुडतुडे आले की सगळ्या गावाला एकदम येतात. कोकोत तर आणखी एक कारण आहे. त्याची बरीच झाडं स्वतःच्या परागाने फळत नाहीत. एकाच वाणाची दोनशे कलमं लावलीत तर पानांची बाग होईल. चार-पाच वाणं मिसळून लावा, आणि कोणतं कुठे लावलं त्याचा नकाशा कागदावर ठेवा.

आपल्याकडचा कोकोचा मुख्य शत्रू पावसाळ्यातली फळकूज. फळ टोकाकडून किंवा देठाकडून तपकिरी-काळं होत जातं. ती ज्या फायटोफ्थोरा पाल्मिव्होरामुळे होते, तोच जीव नारळाचा कोंबही कुजवतो. पोफळीचा कोळेरोगही त्याच कुळातला. म्हणजे कोकोची सडकी फळं झाडावर तशीच लटकत ठेवलीत तर तुम्ही नारळाशीही वैर घेता. आठवड्यातून एकदा काळी फळं काढा, वाडीबाहेर नेऊन पुरा. दाट फांद्या मेअखेर विरळ करा. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर हे एक टक्का बोर्डो पोफळीवाल्याला सांगायला नकोच. पहिल्या पावसाआधी एकदा आणि पुढे उघडीप मिळेल तशी फवारणी करा. कितीही प्रतिकारक वाण असलं तरी हे काम सुटत नाही.

आणि एक वही घाला. झाडाला क्रमांक द्या, दर पावसाळ्यात त्याची किती फळं काळी पडली आणि किती हाती आली ते लिहा. चार-पाच वर्षांनी त्यात एखादं झाड असं निघेल, की शेजारची सगळी कुजली त्या वर्षीही ते बऱ्यापैकी धड राहिलं. कास्त्रोंनी आणि पाउंडने अशीच झाडं हेरली होती. त्या झाडाच्या खोडाला रंगाचा पट्टा मारा, गड्याला सांगून ठेवा की हे तोडायचं नाही, आणि विट्टलला फोन करून वहीतले आकडे त्यांना वाचून दाखवा.